पहिल्या बारा आठवड्यांचे मोल

घरात नव्या जिवाची चाहूल लागली की आनंदाला उधाण येते; तपासणीचा विषय मात्र ‘अजून दिवस थोडेच झाले आहेत’ म्हणून पुढे ढकलला जातो. वस्तुतः मातेच्या सुरक्षिततेचा पाया याच थोड्या दिवसांत घातला जातो. त्यासाठी शहरातील मोठे रुग्णालयच गाठावे लागते असे नाही. जवळचे उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र त्याच कामासाठी आहे.

पहिल्या १२ आठवड्यांत नावनोंदणी आणि प्रसूतीपर्यंत किमान ४ तपासण्या आवश्यक मानल्या जातात. वजन, रक्तदाब, लघवी आणि हिमोग्लोबिन यांच्या नोंदी दिसायला साध्या. पण वाढता धोका प्रथम त्यांतूनच कळतो. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला, चौथ्या महिन्यापासून पुढच्या गर्भवतींची डॉक्टरांकडून विनामूल्य तपासणी होते.

सर्वांत फसवा शत्रू म्हणजे रक्तक्षय. तो दुखत नाही. थकवा आणि धाप यांना आपण ‘दगदग’ म्हणतो. गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय, ७ पेक्षा कमी असल्यास तो तीव्र समजतात. प्रसूतीवेळी होणारा जो रक्तस्राव सशक्त स्त्री सोसते, तोच अशा मातेच्या जिवावर बेततो. म्हणूनच चौथ्या महिन्यापासून लोह व फॉलिक ॲसिडची गोळी रोज, किमान १८० दिवस दिली जाते. गोळीमुळे शौचास काळी होते; त्याने घाबरून ती सोडू नये. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नये. लिंबूपाणी मात्र उपयुक्त ठरते.

आपल्या आहारनियमांचाही येथे विचार हवा. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असतील, तर मसूर, मटकी, हरभरा, नाचणी आणि तीळ यांचे प्रमाण वाढवावे. शाकाहारात बी-१२ जीवनसत्त्व मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते. ते पुरेसे आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी गोळ्यांच्या वेळाही दिवसाच ठरवाव्यात. निर्जल किंवा दीर्घ उपवास वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नयेत. आपला आहार आणि व्रते यांची माहिती तपासणीच्या वेळी संकोच न बाळगता सांगावी, म्हणजे सल्लाही त्यानुसार मिळतो.

रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप, अंगावरून पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पुढे कोणत्या रुग्णालयात जायचे आणि सोबत कोण असेल, हे सातव्या महिन्यातच ठरवून ठेवावे.

ही जबाबदारी एकट्या सुनेची नाही. तपासणीच्या दिवशी पतीने कामातून वेळ काढावा, सासूबाईंनी स्वयंपाकाचा भार उचलावा आणि माता-बाल संरक्षण कार्ड घरातील प्रत्येकाने एकदा तरी वाचावे.