पेडण्याचा दीड किलोमीटर

कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब बोगदा रत्नागिरीजवळ करबुड्याला आहे, साडेसहा किलोमीटरचा. गोव्यातला पेडण्याचा बोगदा त्याच्या मानाने किरकोळ, जेमतेम दीड किलोमीटरचा. पण रोह्यापासून मंगळूरपर्यंत सलग गाडी कधी धावणार, याचं उत्तर शेवटी पेडण्याच्याच हातात राहिलं. सह्याद्रीचा टणक कातळ यंत्रांनी झपाट्याने फोडता येत होता. पेडण्याला मात्र पाण्याने भिजलेली मऊ माती होती. खणावं आणि ढासळावं, उपसावं आणि पुन्हा पाणी भरावं, असं वर्षानुवर्षं चाललं. मार्गावरच्या अशा मऊ मातीच्या नऊ बोगद्यांनी एकोणीस माणसांचे जीव घेतले. १९९० साली सुरू झालेलं काम पाच वर्षांत संपवायचं होतं. गोव्यात मार्ग कुठून न्यायचा यावरून आंदोलन झालं, काही काळ तिथलं काम थांबलं, आणि सगळ्यात शेवटी पेडणं उरलं. तो बोगदा जानेवारी १९९८ मध्ये पुरा झाला आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला संपूर्ण मार्ग खुला झाला.

नव्वदहून जास्त बोगदे, दोन हजारांच्या आसपास पूल, आणि त्या सगळ्यांना थांबवून धरणारा एक दीड किलोमीटर! प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पदव्युत्तर अभ्यासाचा गाभा मला या एका गोष्टीत दिसतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, या वर्गात तक्ते भरायला, बैठका घ्यायला आणि सॉफ्टवेअर चालवायला शिकवत असतील. तेही शिकवतात. पण पुण्याच्या निकमारसारख्या संस्थेत बांधकामाचं व्यवस्थापन शिकायला आलेल्या तरुण इंजिनिअरपुढे खरं कोडं वेगळंच असतं: इतक्या कामांच्या गुंत्यात शेवटची तारीख नेमकी राहते कुठे?

याचं पहिलं सुबक उत्तर १९५७ च्या सुमारास अमेरिकेत सापडलं. ड्यूपाँ या रसायन कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि संगणक बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडमधले जेम्स केली यांनी कामांचं जाळं मांडलं. कुठलं काम कोणाच्या आधी, कोणासाठी कोण थांबतं, हे बाणांनी जोडलं. मग सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाणाऱ्या सगळ्या वाटा मोजल्या. त्यातली सर्वांत लांब वाट म्हणजे क्रिटिकल पाथ. प्रकल्पाला लागतो तेवढाच काळ, जेवढी ती वाट लांब. तिच्यावर नसलेल्या कामांना सवड असते, तिला फ्लोट म्हणतात. ती कामं थोडी रेंगाळली तरी तारखेला धक्का लागत नाही. आणि त्या कामांवर ओव्हरटाइम ओतला, माणसं दुप्पट लावली, तरी शेवट एका दिवसानेही अलीकडे येत नाही. ड्यूपाँचा लुइव्हिल इथला कारखाना दुरुस्तीसाठी सरासरी १२५ तास बंद ठेवावा लागे. नेमक्या वाटेवरच्या कामांकडे लक्ष दिल्यावर तो वेळ ९३ तासांवर आला.

इथवर गणित सरळ आहे, पदवीच्या वर्गातही शिकवतात. पुढे ते अंगावर काटा आणतं.

कारण वाटेची लांबी तरी कोणाला ठाऊक असते? पाणबुडीतून डागायच्या पोलारिस क्षेपणास्त्राचं काम अमेरिकन नौदलाने हाती घेतलं, तेव्हा त्यातली कित्येक कामं जगात आधी कोणी केलेलीच नव्हती. म्हणून १९५८ मध्ये पर्ट ही रीत निघाली. एका कामासाठी तीन आकडे विचारायचे: सगळं जमून आलं तर, नेहमीसारखं झालं तर, आणि सगळं बिघडलं तर. मधल्या आकड्याची चौपट घ्यायची, त्यात बाकीचे दोन मिळवायचे आणि सहाने भागायचं. समजा एखादा बोगदा दहा, बारा किंवा सव्वीस महिन्यांचा धरला. उत्तर चौदा येतं. इंजिनिअर प्रामाणिकपणे बारा सांगतो आणि गणित म्हणतं चौदा, कारण काम लवकर उरकण्याला मर्यादा असते, लांबण्याला फारशी नसते.

त्याहून थक्क करणारी गोष्ट वाटा एकत्र मिळतात तिथे घडते. पाच तुकड्या वेगवेगळ्या ठिकाणी काम करताहेत आणि पाचही संपल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू होत नाही. प्रत्येक तुकडीने काम वेळेत संपवण्याची शक्यता ८० टक्के, म्हणजे पाचही जण भरवशाचे. पण पाचही एकाच वेळी वेळेत असण्याची शक्यता? ०.८ ला पाचदा गुणा: ३३ टक्के. कोणी आळशी नाही, कोणी खोटं बोललं नाही, तरी तीनपैकी दोन वेळा टप्पा रखडणार. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रखडलेल्या पुलाकडे पाहण्याची माझी नजरच बदलली. दोषी माणूस शोधण्याआधी मी आता वाटा मोजते.

म्हणूनच या अभ्यासात संगणकाकडून एकच प्रकल्प हजारो वेळा बांधून घेतात. प्रत्येक फेरीत प्रत्येक कामाला नशिबाने मिळेल तो अवधी. कधी एक बोगदा वाट अडवतो, कधी दुसरा, कधी भूसंपादन. शेवटी हाती तारीख येत नाही. तारखांचा पसरट डोंगर येतो आणि त्यावर कुठे उभं राहायचं हे आपण ठरवायचं असतं.

एवढं गणित हाती असूनही माणूस चुकतोच. बुलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज होता ३४ दिवसांचा. सगळं बिघडलं तर किती, असं मुद्दाम विचारल्यावर ते ४९ म्हणाले. प्रत्यक्षात लागले ५५. स्वतःच्या कामाचं वाईटात वाईट चित्र रंगवतानाही मन वास्तवाच्या अलीकडेच थांबलं. पर्टच्या तिसऱ्या आकड्याचा पायाच इथे हलतो.

यावर डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी सुचवलेला उपाय मला या सगळ्यातला सर्वांत धाडसी वाटतो. आपल्या प्रकल्पाच्या आत डोकवायचंच नाही. आधी अशाच प्रकल्पांचं काय झालं ते पाहायचं. डॅनिश अभ्यासक बेंट फ्लुबिया यांनी ब्रिटनच्या वाहतूक खात्यासाठी २००४ मध्ये तशी कोष्टकं बांधली. रेल्वेचा खर्च अंदाजात बसण्याची खात्री ८० टक्के हवी असेल, तर अंदाजपत्रकात ५७ टक्के वाढवा, असं त्यात आहे. रस्त्यांसाठी ३२, पूल आणि बोगद्यांसाठी ५५. मार्ग कुठून जातो, खाली कातळ आहे की चिखल, हे न विचारता काढलेले हे आकडे आहेत.