काडतुसाच्या मानेवरचा निळसर डाग

आमच्या महाविद्यालयातला एन.सी.सी.चा एक छात्र नेमबाजीच्या शिबिराहून परत आला तो एक शंका घेऊनच. म्हणाला, "सर, काडतुसांची पेटी आमच्यासमोर उघडली. काडतुसे नवी कोरी होती, पण प्रत्येकाच्या मानेवर तपकिरी-निळसर डाग होता. जुना माल घासूनपुसून दिला असेल का हो?"

शंका रास्त होती. आपल्या घरी पितळेचा तांब्या काळवंडला की आई त्याला चिंच लावायला सांगते. लख्ख ते चांगले आणि डागाळलेले ते वाईट, हे आपल्या मनात लहानपणापासून बसलेले असते. पण काडतुसाच्या बाबतीत नेमके उलटही असू शकते. कसे ते पाहू या.

प्रथम काडतुसाची रचना समजून घेऊ. बाहेरून दिसते ती पितळेची पुंगळी. तिच्यात दारू भरलेली असते, तोंडाशी गोळी घट्ट बसवलेली असते आणि बुडाशी ठिणगी पाडणारी छोटी टोपी असते. पुंगळी वरच्या बाजूला निमुळती होऊन जेथे गोळीला आवळून धरते, त्या भागाला मान म्हणतात. रायफल उडते तेव्हा आतल्या वायूचा दाब क्षणभर वातावरणाच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक होतो. त्या दाबाने पुंगळी किंचित फुगते, रायफलीच्या नळीच्या मागच्या पोकळीला चिकटून बसते आणि वायूला मागे येऊ देत नाही. दाब ओसरला की ती थोडी आकसते, म्हणून सहज बाहेर काढता येते. फुगणे आणि पुन्हा आकसणे ही दोन्ही कामे पितळ उत्तम करते. पुंगळी तडकलेली असेल, तर तो तप्त वायू मागे, म्हणजे नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. म्हणून तिची तपासणी हा काही हौसेचा मामला नाही.

अशा पुंगळ्या आपल्या खानदेशातच तयार होतात, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ वरणगाव येथे आयुध निर्माणी आहे. सैन्याच्या ७.६२ आणि ५.५६ मिलिमीटर रायफलींची काडतुसे तेथे बनतात. २०२१ सालापासून ही निर्माणी 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहे. धुळ्याहून भुसावळकडे जाणारी मंडळी केळीचे ट्रक मोजत पुढे जातात. या धातुविद्येकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

पुंगळीचे पितळ म्हणजे सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. या पितळेच्या पत्र्यातून आधी गोल चकती कापतात. चकती साच्यात दाबली की वाटी होते. ही वाटी एकाहून एक अरुंद साच्यांतून ओढत नेली की भिंती पातळ आणि लांब होत जातात आणि शेवटी नळकांडे तयार होते. पण पितळ थंड असताना ओढले की ते कडक होते. तार एकाच जागी वाकवून-उलगडून पाहा, काही वेळाने ती हट्टी होते आणि मग तुटते. तसेच हे आहे. म्हणून दोन ओढींच्या मधे पितळ तापवून पुन्हा मऊ करावे लागते. या क्रियेला अनुशीतन म्हणतात. तापवल्याने पितळेवर ऑक्साइडचा थर येतो. तो सौम्य सल्फ्यूरिक अम्लात बुडवून काढतात आणि नळकांडे पाण्याने नीट धुतात.

शेवटी मान निमुळती करतात. या दाबण्या-आवळण्याने मानेचे पितळ पुन्हा कडक होते आणि त्याच्या आत ताण अडकून राहतो. म्हणून फक्त मान आणि तिच्या खालचा उतार ज्योतीवर थोडा वेळ तापवतात. बूड तापवत नाहीत, कारण ते कडकच राहायला हवे. तापलेल्या मानेवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ. प्रकाशाचा काही भाग या थराच्या वरच्या पृष्ठावरून आणि काही भाग खालच्या धातूवरून परततो. या दोन लहरी एकमेकींत मिसळतात तेव्हा काही रंग मावळतात आणि काही उठून दिसतात. हेच व्यतिकरण. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग दिसतात तेही यामुळेच. थर जसा जाड होत जाईल, तसा रंग पिवळसर, तपकिरी, जांभळट, निळसर असा बदलतो.

छात्राने पाहिलेला डाग तो हा! मान तापवून मऊ केली आहे, याची ती निशाणीच. लष्करी काडतुसांवर ती तशीच राहू देतात, म्हणजे तपासणाऱ्याला ती क्रिया झाल्याचे डोळ्यांनी कळते. शिकारीच्या किंवा खेळाच्या काडतुसांवरून पुष्कळ उत्पादक ती घासून काढतात. गिऱ्हाइकाला चकाकी आवडते ना!

अर्थात प्रत्येक डाग निरुपद्रवी नसतो. उडवलेल्या काडतुसाच्या मानेवर काजळी असते. ती फडक्याने पुसली जाते, ज्योतीचा रंग पुसला जात नाही. बोटांच्या घामातल्या क्षारांमुळे काही दिवसांनी पितळेवर तपकिरी ठसे उमटतात. ते फक्त वरवरचे असतात. हिरवी पूड दिसली तर मात्र थांबून पाहावे. तेथे तांब्याचे क्षार तयार झाले आहेत, म्हणजे ओलावा आणि अम्ल यांचा शिरकाव झाला आहे. पितळेच्या भांड्यात ताक कळकते, त्याच जातीची ही गोष्ट. पिवळ्या पितळेवर गुलाबी-तांबूस ठिपका दिसला, तर तो आणखी वाईट. तेथले जस्त निघून गेले आहे आणि मागे ठिसूळ, सच्छिद्र तांबे उरले आहे.

आता सर्वांत घातक दोष पाहा. तो आधी डोळ्यांना दिसतच नाही.

इंग्रजी अमदानीत पावसाळ्यात फौजांच्या हालचाली मंदावत. तेव्हा हिंदुस्थानातील तळांवर काडतुसे घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली जात. पाऊस संपल्यावर पाहावे, तर कित्येक पुंगळ्या मानेपाशी उभ्या चिरलेल्या! कोणी त्यांना हातही लावला नव्हता. या प्रकाराला 'सीझन क्रॅकिंग' असे नाव पडले, पण कारण अनेक वर्षे कळले नाही. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या इंग्रज संशोधकांनी त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया वायू निघतो. दमट हवेत तो पितळेवरच्या ओलाव्यात विरघळतो आणि तांब्याशी संयोग पावतो. पण एवढ्याने भेग पडत नाही. पितळेच्या आत ताण अडकलेला असेल, तरच अमोनिया त्याच्या स्फटिककणांच्या सीमांवरून आत घुसतो आणि ताण ती फट उघडत नेतो. मान गोळीला आवळून धरते, म्हणून तिच्या परिघावर ओढ असते. साहजिकच भेग उभी पडते.

यावरचा उपाय तुमच्या लक्षात आला असेलच. सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले तरी पितळेतला बराचसा ताण निघून जातो. म्हणजे निळसर मानेचे काडतूस तबेल्यातही तग धरण्याची शक्यता अधिक, आणि न तापवलेले, आरशासारखे लखलखीत काडतूस तेथे आधी तडकणार!

आपल्याकडे बैलाच्या गळ्यातली घंटा वर्षानुवर्षे गोठ्यात असते. तेथेही अमोनिया आहे, पावसाळ्यात दमटपणाही आहे. घंटा काळवंडते, पण सहसा चिरत नाही. ती ओतीव असते. थंड धातू ओढून केलेली नसते. त्यामुळे तिच्यात फारसा ताण अडकलेला नसतो.

हे शाळेत पडताळून पाहता येईल. मात्र शिक्षकांच्या देखरेखीखालीच आणि उघड्या जागी, कारण अमोनिया डोळ्यांना व घशाला झोंबतो. कडक पितळी पत्र्याच्या तीन सारख्या पट्ट्या घ्या. पहिली सरळ राहू द्या. दुसरी आणि तिसरी केसाच्या आकड्यासारख्या वाकवून त्यांची टोके तांब्याच्या तारेने बांधा. तिसरी पट्टी वाळूच्या तव्यावर ३०० अंशांच्या आसपास अर्धा तास तापवून थंड होऊ द्या. अशीच तापवलेली एखादी जादा पट्टी सोडून पाहिलीत, तर ती पूर्वीसारखी उसळून उघडत नाही. ताण गेला, याचा हा पुरावा. आता तिन्ही पट्ट्या झाकणाच्या बरणीत टांगा. बरणीच्या तळाशी अमोनियाच्या द्रावणात भिजवलेला कापूस ठेवा. पट्ट्यांचा त्याला स्पर्श होऊ देऊ नका. काही तासांपासून काही दिवसांपर्यंत वाट पाहावी लागेल. तिन्ही पट्ट्या काळवंडतील. रोज भिंगातून त्यांच्या बाकाची बाहेरची बाजू पाहून वहीत नोंद करा. भेग आधी दुसरीवर दिसायला हवी.

या प्रयोगासाठी सापडलेले काडतूस मात्र कधीही वापरू नका. शेतात किंवा नदीपात्रात असे काही दिसले, तर हात न लावता पोलिसांना कळवा. ते रिकामे आहे की भरलेले, हे मानेच्या रंगावरून सांगता येत नाही.

आमच्या छात्राने ही पट्ट्यांची बरणी आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या ओट्यावर ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तो धावत आला. दुसरी पट्टी बाकापाशी तुटून खाली कापसावर पडली होती, आणि तिसरी तशीच, मळकट निळसर होऊन लटकत होती.