परिक्रमेतील ‘सोबत’ : एक भाषिक विचार

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, शहाद्याच्या उत्तरेस वसलेले म्हसावद हे तोरणमाळच्या वाटेवरील गाव म्हणून खानदेशात परिचित आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास तोरणमाळच्या यात्रेस जाणारे भाविक याच बाजूने डोंगर चढतात. परंतु याहून फार मोठी अशी एक पायपीट या मुलखातून होत असते, ती म्हणजे नर्मदेची परिक्रमा. ही परिक्रमा पुष्कळदा जोडीने किंवा लहानशा मेळ्याने केली जाते. अशा वाटचालीत ‘सोबत’ या शब्दाचा अर्थ नेमका काय होतो, याचा येथे विचार करावयाचा आहे.

नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर असल्यामुळे दोन्ही काठ मिळून ही वाट २६०० किलोमीटरांहून अधिक भरते. नदी उजव्या हातास ठेवावी, तिचे पात्र ओलांडू नये, पावसाळ्याचे चार महिने एके ठिकाणी राहावे, हे तिचे मुख्य नियम होत. परंपरेने तिला ३ वर्षे, ३ महिने व १३ दिवसांचा काळ सांगितला आहे. अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन ट्रेल ही १९३७ साली पूर्ण झालेली डोंगरवाट सुमारे ३५०० किलोमीटरांची असून तिच्यावर ठिकठिकाणी झाडांवर रंगविलेल्या पांढऱ्या पट्ट्या वाटसरूस दिशा दाखवितात. परिक्रमेची परंपरागत वाट मात्र विचारीत विचारीतच काढावी लागते. म्हणून तेथे बोलणे हे चालण्याचेच एक अंग ठरते.

हे बोलणे सोपे नसते. दक्षिण तटाने पश्चिमेकडे निघालेला परिक्रमावासी निमाडी बोलणाऱ्या मुलखातून भिल्ली, पावरी व अहिराणी यांच्या प्रदेशात येतो आणि पुढे गुजरातीत शिरतो. ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीच्या १९०७ मधील खंडात भिल्ली व खानदेशी यांचा विचार एकत्र केला, यावरूनही येथील बोली एकमेकींत किती मिसळल्या आहेत हे ध्यानात येईल. अशा स्थितीत ज्याच्याशी रोज त्याच भाषेत बोलता येते असा मनुष्य एकच, आणि तो म्हणजे बरोबर चालणारा. ‘सोबत’ हा शब्द मराठीत फारसीमार्गे आला. त्याचे मूळ अरबी असून तेथे त्याचा अर्थ सहवास असा आहे. फारसीत त्याला संभाषण हाही अर्थ आहे. मराठीने पहिला अर्थ ठेवला; दुसरा परिक्रमेत आपोआप परत येतो. अमृतलाल वेगड यांनी १९७७ पासून ही परिक्रमा टप्प्याटप्प्याने केली, आणि २००२ साली, सत्तरी उलटल्यावर, पत्नी कांता यांच्यासह ते पुन्हा नर्मदेच्या काठाने निघाले. तो प्रवास त्यांनी हिंदीत व गुजरातीत लिहून ठेवला आहे.

दुसरी सोबत काठावरील लोकांची. तिचे साधन ‘नर्मदे हर’ ही हाक होय. मॅलिनोव्स्की यांनी १९२३ साली केवळ संबंध जोडण्यासाठी होणाऱ्या भाषणाचे वेगळे कार्य दाखवून दिले. प्रथमदर्शनी ही हाक त्याच जातीची वाटते. परंतु ती अभिवादन, ओळख, याचना, आभार आणि निरोप ही पाचही कामे करते. तिला उत्तर म्हणून ‘सदावर्त’, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ असा कोरडा शिधा मिळतो. ‘सदाव्रत’ या संस्कृत शब्दाचे हे रूप होय. शिधा रांधावा लागतो. तेव्हा एकाने सरपण गोळा करावे व दुसऱ्याने कणीक मळावी, अशी श्रमांची वाटणी ओघानेच होते.

काठाशी जडलेल्या या नात्याचे टोक शूलपाणीच्या झाडीत दिसे. तेथे परिक्रमावासीयांना लुटणाऱ्या भिल्लांना ‘मामा’ म्हणण्याचा प्रघात होता. नर्मदा ही ‘माई’, तेव्हा तिच्या काठचा पुरुष तो तिचा भाऊ. एरवी भाच्याला देणारा मामा येथे भाच्याकडून घेई. परंतु नाते मोडत नसे. दारिद्र्याने घडविलेला व्यवहार भाषेने कुटुंबात सामावून घेतला होता.

सरदार सरोवराच्या पाण्याने हा काठच बदलला. मणिबेलीचे जुने शूलपाणेश्वर मंदिर १९९० च्या दशकात बुडाले. २०१९ साली धरण १३८.६८ मीटरांच्या पूर्ण पातळीपर्यंत प्रथमच भरले. अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील विस्थापितांपैकी पुष्कळांचे पुनर्वसन तळोदा व शहादा तालुक्यांच्या सपाटीवर झाले. आज अनेक परिक्रमावासीही नदीपासून दूर, खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा अशा मार्गाने जातात. म्हणजे माईचे भाचे आणि मामा हे दोघेही काठ सोडून सातपुड्याच्या पायथ्याशी आले आहेत.

जी हाक नदीच्या साक्षीने दिली जाई, ती हमरस्त्यावर तीच पाच कामे करते काय, की सोबत आता बरोबर चालणाऱ्यापुरतीच उरली आहे, हे प्रत्यक्ष क्षेत्रात जाऊन पाहण्याजोगे आहे. ज्यांनी जुन्या काठावर या हाकेस उत्तर दिले ते लोक आज वृद्ध झाले आहेत. म्हणून म्हसावद व शहादा परिसरातील पुनर्वसित वसाहतींपासून या शब्दसंग्रहाच्या नोंदीस आरंभ करणे अगत्याचे आहे.