टायरवरचा भार-अंक वाचा, मगच पिकअप भरा

धानाची मळणी झाली की मार्कंडा-चामोर्शी भागात पिकअपची बांधीतून पांदण रस्त्यावर आणि तिथून डांबरीवर ये-जा सुरू होते. ‘अजून पाच पोती बसतात’ म्हणत गाडी भरली जाते आणि टायर भररस्त्यात फुटतो. टायर किती वजन पेलेल, हे त्याच्या बाजूवरच लिहिलेले असते.

अंक कसा वाचावा?
समजा, टायरवर ‘१०६/१०४ क्यू’ असे आहे. हे किलो नव्हेत, ठरलेले संकेत आहेत. १०६ म्हणजे एका टायरला ९५० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. पहिला अंक एकेरी टायरचा. दुसरा मागे जोडटायर असल्यास त्यातील प्रत्येकाचा. १०० म्हणजे ८०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो. शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे असते.

पोत्यांचा हिशोब
मालाचे बहुतेक वजन मागच्या दोन टायरांवर येते. १०६ अंकाचे दोन टायर १९०० किलो पेलतात. रिकाम्या गाडीचे मागचे वजन ७०० किलो धरले, तर उरले १२०० किलो, म्हणजे ४० किलोची ३० पोती. ३५ पोती भरली तर प्रत्येक टायरवर १०० किलो जादा भार पडतो. आर.सी. बुकातील मर्यादा याहून कमी असेल, तर तीच पाळा. जड टायर बसवल्याने पाटे, ब्रेक आणि अ‍ॅक्सल यांची ताकद वाढत नाही.

हवा कमी, तर ताकदही कमी
अंकातील वजन ठरलेली हवा भरलेली असेल तरच लागू होते. चिखलातून निघण्यासाठी हवा कमी केली असेल, तर माल कमी ठेवा, सावकाश चालवा आणि डांबरीवर वेग घेण्याआधी हवा पुन्हा भरा. कमी हवेचा टायर जास्त दबतो, तापतो आणि आतले धागे सुटतात. उन्हाळी धानाच्या वाहतुकीत हा धोका अधिक.

निघण्यापूर्वी
• सकाळी टायर थंड असताना गेजने हवा तपासा.
• बांबूच्या खुंटांनी बाजूला चीर किंवा फुगा आला असल्यास तो टायर बदला.
• एका अ‍ॅक्सलवर सारखेच टायर ठेवा.
• महाशिवरात्रीच्या जत्रेला मालवाहू गाडीत माणसे बसवू नका. पोती बांधता येतात, माणसे नाही.

एक फेरी जास्त झाली तर डिझेल जाते. टायर फुटला तर गाडी उलटते.