मिठाचा खडा चौकोनीच का?

वस्तूला आकार बाहेरून मिळतो, की तो तिच्या आतच असतो? मागच्या व्याख्यानाच्या शेवटी आपण या प्रश्नापाशी थांबलो होतो. आज तोच प्रश्न मिठाच्या खड्याला विचारू या.

मिठाचे कण भिंगाखाली धरा. बरेचसे घनाकृती दिसतील. त्यांना कुणी पैलू पाडलेले नाहीत. मिठात सोडियमच्या प्रत्येक कणाभोवती क्लोरीनचे सहा कण असतात. वर, खाली आणि चार बाजूंना, एकमेकांशी काटकोनात. हीच मांडणी सगळीकडे पुन्हा पुन्हा येते. लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ साली क्ष-किरणांच्या मदतीने ती उलगडली.

पण कण असे शिस्तीत बसतात तरी का? योग्य जागी बसलेल्या कणाची ऊर्जा कमी होते, म्हणून तो तिथे टिकतो. चुकीच्या जागी बसलेला सुटून पुन्हा पाण्यात जातो. या बसण्या-उठण्याला सवड लागते. वितळलेली वाळू झटकन थंड झाली, तर कणांना जागा शोधायला वेळच मिळत नाही आणि काच तयार होते. उलट, खडीसाखरेचा पाक दोरा सोडून कित्येक दिवस हलवायचा नाही, तेव्हा कुठे खडे धरतात. दोरा कशाला? कारण सुरुवातच अवघड असते. अगदी छोटा पुंजका तयार झाला तरी बहुधा पुन्हा विरघळून जातो. त्याला आधार लागतो.

आता खरी गंमत. स्फटिकाची जी बाजू भरभर वाढते, तीच आपल्याला शेवटी दिसते असं वाटेल. होतं नेमकं उलटं! भरभर पुढे सरकणारी बाजू आकसत जाऊन कडेत किंवा टोकात नाहीशी होते. हळू वाढणाऱ्या बाजू उरतात. मूत्र मिसळलेल्या द्रावणात मिठाचे घन न होता आठ त्रिकोणी बाजूंचे स्फटिक होतात, अशी नोंद फ्रान्सच्या रोमे द लील यांनी १७८३ साली केली होती. मूत्रातला युरिया त्या त्रिकोणी बाजूंची वाढ मंदावतो, म्हणून त्या टिकतात. मीठ तेच, आतली मांडणीही तीच. रूप मात्र वेगळं.

मग आतलं असं काय उरलं? कोन. स्टेनो यांनी १६६९ साली दाखवलं, की गारेचा, म्हणजे क्वार्ट्‌झचा, स्फटिक लहान असो की मोठा, जाड असो की बारीक, त्याच्या त्याच बाजूंमधले कोन बदलत नाहीत.

म्हणजे कोणत्या बाजू शक्य आहेत आणि त्यांच्यात किती कोन असेल, हे आतून ठरतं. त्यांतल्या कोणत्या प्रत्यक्ष दिसतील, ते बऱ्याच अंशी परिस्थिती ठरवते. आम्ही तत्त्वज्ञानवाले ‘आतून की बाहेरून’ असं विचारत बसलो, तिथेच चुकलो. शिवाय, पूर्ण खड्याचा नकाशा एकाही कणापाशी नसतो. प्रत्येक कण फक्त शेजाऱ्यांशी जुळवून घेतो. तेव्हा सुव्यवस्था दिसली, की तिचा कर्ता शोधण्याआधी शेजार तपासावा, एवढं तरी आपण मिठाकडून शिकू या.

घरी एका वाटीत मिठाचं दाट द्रावण न हलवता ठेवा. काय दिसलं, त्यावरून पुढच्या वेळी सुरुवात करू.