गुणवत्ता होती, जागा नव्हती

वाळपई : स्नेहल कवठणकर नाबाद ३१४, कश्यप बखले नाबाद ३००. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीच्या मैदानावर अरुणाचल प्रदेशविरुद्ध या दोन गोमंतकीय फलंदाजांनी रचलेली ६०६ धावांची अभेद्य भागीदारी ही रणजी करंडकाच्या इतिहासातील सर्वांत मोठी भागीदारी ठरली. गोव्याने तो सामना एक डाव आणि ५५१ धावांनी जिंकला. तरीही भारतीय संघाच्या निवडीत या दोघांच्या नावांची गंभीर चर्चा झाली नाही. हे ऐकून सत्तरीतला क्रिकेटवेडा मुलगा चकित होईल. निवड समितीच्या कामकाजाची रीत जाणणाऱ्याला मात्र त्यात नवल वाटणार नाही.

गोवा त्या मोसमात रणजीच्या प्लेट गटात खेळत होता. ईशान्येकडील नवागत राज्ये ज्या गटात आहेत, तेथील धावांना निवड समिती पुरेपूर किंमत देत नाही. प्रतिस्पर्धी गोलंदाजी कोणत्या दर्जाची होती, हा प्रश्न धावसंख्येच्या आधी विचारला जातो. हा निकष अन्यायकारक म्हणता येणार नाही. मात्र तगड्या संघाविरुद्ध धावा केल्या म्हणजे दार उघडते, असेही नाही. कवठणकर-बखले जोडीने जो विक्रम मोडला, तो महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांचा होता. २०१६ मध्ये वानखेडेवर त्यांनी दिल्लीविरुद्ध नाबाद ५९४ धावांची भागी केली होती. गुगळेने ३५१ धावा काढल्या, बावणेने २५८. दोघांपैकी एकाच्याही डोक्यावर भारताची टोपी चढली नाही.

याचे मूळ कारण अगदी साधे आहे. संघात जागा अकराच असतात आणि प्रत्येक जागेचे काम ठरलेले असते. मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर यांची कारकीर्द हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी, सरासरी विसाच्या आत. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकच्या फिरत्या खेळपट्टीवर त्यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी टिपले. तमिळनाडूचा संघ ८० आणि ६१ धावांत गारद झाला. खेळपट्टी यजमानांनी आपल्या फिरकीपटूंच्या भरवशावर बनवली होती, हे विसरता कामा नये. पण तो काळ बिशनसिंग बेदींचा होता. ऑफस्पिनसाठी प्रसन्ना आणि वेंकटराघवन, लेगस्पिनसाठी चंद्रशेखर आणि डावखुऱ्या फिरकीसाठी बेदी अशी वाटणी झाल्यावर दुसऱ्या डावखुऱ्याला जागा उरतच नव्हती. बेदींनी ६७ कसोटी खेळल्या, शिवलकरांनी एकही नाही. हरियाणाचे राजिंदर गोयल हेही याच रांगेत उभे होते. रणजीत ६३७ बळी घेऊनही त्यांना कसोटी लाभली नाही. सुनील गावस्कर यांनी ‘आयडॉल्स’ या पुस्तकात आपल्या आदर्शांमध्ये या दोघांना स्थान दिले, आणि २०१७ मध्ये क्रिकेट मंडळाने दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. शिवलकर तेव्हा ७६ वर्षांचे होते. मार्च २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

अमोल मुझुमदारच्या वाट्याला हाच प्रकार फलंदाजीत आला. १९८८ मध्ये शारदाश्रमाच्या तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला १३ वर्षांचा मुलगा तोच. १९९४ मध्ये रणजी पदार्पणात त्याने २६० धावा ठोकल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातील तो जागतिक विक्रम २०१८ पर्यंत अबाधित होता. पुढे ११,१६७ धावा आणि ३० शतके जमली. पण मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण ठाण मांडून बसले होते.

ही कोंडी क्रिकेटपुरती नाही. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये ३० संघांतील सुमारे साडेचारशे खेळाडूंमधून दरवर्षी दोन डझनांच्या आसपास खेळाडू ऑल-स्टार ठरतात. सेड्रिक मॅक्सवेल १९८१ च्या अंतिम मालिकेत सर्वोत्तम ठरला, पण ऑल-स्टार कधीच झाला नाही. माइक कॉन्ली हा मान मिळवू शकला तो २०२१ मध्ये, चौदाव्या मोसमात. तोही डेव्हिन बुकर जखमी झाल्याने जागा मोकळी झाली म्हणून.

गोव्याच्या खेळाडूला आणखी एक अडचण सोसावी लागते, ती म्हणजे दृष्टीस पडण्याची. गोवा रणजीत उतरला तो १९८५-८६ मध्ये, आणि विभागीय संघासाठी त्याची स्पर्धा कर्नाटक, तमिळनाडू, हैदराबाद यांच्याशी. मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई कसोटीपर्यंत पोहोचले, पण मुंबईकडून खेळून. आयपीएलने ही दृष्टीआडची सृष्टी थोडी पुढे आणली. २००८ मध्ये स्वप्नील अस्नोडकरने राजस्थान रॉयल्सकडून पहिल्याच सामन्यात ३४ चेंडूंत ६० धावा फटकावल्या. त्या मोसमात ९ सामन्यांत त्याच्या ३११ धावा झाल्या आणि संघ विजेता ठरला. त्या वेळी भारताच्या सलामीला सेहवाग, गंभीर आणि तेंडुलकर होते. पुढील मोसमांत अस्नोडकरची बॅट मंदावली. दार किलकिले होण्याचा तोच एक उन्हाळा होता. वास्कोचा डावखुरा फिरकीपटू शादाब जकाती २०१० मध्ये विजेत्या चेन्नई संघात होता. प्रज्ञान ओझा आणि रवींद्र जडेजा यांच्या काळात त्यालाही भारतीय संघात जागा मिळाली नाही. असे असले तरी न निवडलेला प्रत्येक जण अन्यायग्रस्तच असतो, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

वाळपईहून पर्वरीचे मैदान चाळीसएक किलोमीटरवर आहे. सरावासाठी ही वाट रोज तुडवणाऱ्या मुलाच्या पालकांना बारावीच्या सुमारास एक निर्णय घ्यावाच लागतो : खेळ चालू ठेवायचा की नाही? भारतीय संघाची टोपी हा त्या निर्णयाचा एकमेव आधार मानला, तर उत्तर बहुधा नकारार्थीच येईल. मात्र शिवलकरांच्या काळात नसलेली एक गोष्ट आज आहे. २०२१-२२ च्या मोसमापासून रणजीच्या अंतिम अकरांत खेळणाऱ्या नवोदितालाही दिवसाला ४० हजार रुपये मानधन मिळते. ४० हून अधिक सामने खेळलेल्याला ६० हजार. चार दिवसांच्या एका सामन्याचे किमान एक लाख ६० हजार. प्लेट गटाचा अंतिम सामना जिंकून गोवा एलिट गटात परतला आहे, आणि तेथे साखळीतच सात सामने खेळायचे असतात.