ओट्यावरचा विस्तव

मायक्रोवेव्ह, एअर फ्रायर की ओटीजी? सेलच्या जाहिराती बघून डोकं गरगरायला लागलं असेल तर जरा थांबा. ओव्हन दुकानात नाही, आपल्या स्वयंपाकघरात उभं राहून निवडायचा असतो!

गणपती आठ-दहा दिवसांवर आले की रत्नागिरीत दोन प्रकारच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. एक मखराच्या सामानाची आणि दुसरी इलेक्ट्रॉनिक्सची. मुंबईचे चाकरमानी यायचे असतात, घरात वीसेक पानं वाढायची असतात आणि राम आळीपासून मारुती मंदिरापर्यंत जिकडे बघावं तिकडे 'एक्स्चेंज ऑफर' आणि 'सोपे हप्ते' यांच्या पाट्या. अशा वातावरणात माणूस मिक्सरचं भांडं घ्यायला जातो आणि ओव्हन घेऊन येतो. दिवाळीपर्यंत तोच ओव्हन माळ्यावर. त्यावर बारशात आलेली दुलई!

आमच्या घरी हे होऊ द्यायचं नव्हतं. घर म्हणजे नाचणे रोडवरचा वन बीएचके, भाड्याचा. माणसं तीन : मी, बायको आणि गुडघ्यांमुळे दोन वर्षांपूर्वी गावचं घर बंद करून आमच्याकडे आलेली आजी. मागण्याही तीन. बायकोला रविवारी अख्खी कोंबडी भाजायची होती. मला मिरकरवाड्याहून आणलेले बांगडे तेलात न तळता खायचे होते. आणि आजीला? आजीला काहीच नको होतं. 'त्या पेटीत धोंडस होणार असेल तर बोला,' एवढंच म्हणाली आणि जपाला बसली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : धोंडस म्हणजे कोकणातला काकडीचा केक. पावसाळ्यात वेलाला मोठमोठी तवसं लागतात. ती किसायची, त्यात भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, ओला नारळ, वेलची, काजू घालायचे आणि मिश्रण पातेल्यात ओतायचं. पातेलं मंद चुलीवर, वर झाकणाची ताटली आणि ताटलीत निखारे. खालून विस्तव, वरून विस्तव. ओव्हनचा सगळा फंडा आपल्या आज्या-पणज्यांना असा ठाऊक होता. फक्त त्याला प्लग नव्हता!

मायक्रोवेव्ह आहे की घरात!

ओव्हन म्हटलं की ऑफिसात पहिला प्रश्न हाच येतो. नीट समजून घ्या, साधा मायक्रोवेव्ह भाजत नाही, तापवतो. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचा इंजिनीअर रडारच्या यंत्रावर काम करत होता. १९४५ मध्ये त्याच्या खिशातलं चॉकलेट वितळलं आणि त्यातून या यंत्राचा जन्म झाला. त्यातल्या लहरी पदार्थातल्या पाण्याला तापवतात. पाणी शंभर अंशांच्या पुढे फारसं जात नाही आणि खमंग तपकिरी रंग यायला साधारण १४० अंश तरी लागतात. म्हणून रात्रीची आमटी त्यात दोन मिनिटांत गरम होते, पण पाव पांढराफटक आणि बांगडा उकडल्यासारखा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह भाजतो, पण तो महाग आणि बिघडला तर दुरुस्तीही महाग.

एअर फ्रायर २०१० मध्ये फिलिप्सने बाजारात आणला. नावात 'फ्रायर' असलं तरी तो तळत नाही. वर कॉइल, पंखा आणि खाली छोटी टोपली, म्हणजे खरं तर तो पिटुकला ओव्हनच. एकट्या-दुकट्यासाठी झक्कास. पण चार-पाच लिटरच्या टोपलीत कोंबडी कशीबशी बसते आणि आठ इंची केकचं भांडं बहुतेक वेळा बसतच नाही.

इंटरनेटवर 'इलेक्ट्रिक रोस्टर' शोधलंत तर अमेरिकन प्रकार दिसेल : झाकणाचं १७-१८ लिटरचं अवाढव्य विजेचं पातेलं, थँक्सगिव्हिंगला आख्खी टर्की भाजायला. आपल्याकडे ना टर्की, ना तेवढी जागा. आपला खरा गडी म्हणजे ओटीजी, ओव्हन-टोस्टर-ग्रिलर. वर कॉइल, खाली कॉइल, समोर काच. किंमत साधारण चार ते दहा हजारांच्या आसपास. बजाज, मॉर्फी रिचर्ड्स, उषा, फिलिप्स, बोरोसिल सगळ्यांचे आहेत आणि आतून बरेचसे सारखेच आहेत. फरक पडतो तो पुढच्या गोष्टींनी.

लिटरचं गणित

'दादा, साठ लिटरचा घ्या. गणपतीत सगळे येतात ना!' दुकानदाराचं हे वाक्य आम्ही दोन वीकेण्डमध्ये चार दुकानांत ऐकलं. गणपती दीड दिवसाचे असतात हो, ओव्हन वर्षभर ओट्यावर असतो! मोठी पेटी तापायला वेळ जास्त, वीज जास्त आणि दोन माणसांच्या चार टोस्टसाठी ती पेटवायचा कंटाळा येतो. मग येते ती दुलई.

ढोबळ हिशेब असा. १६ ते २० लिटरमध्ये टोस्ट, छोटा केक, दोन-तीन बांगडे. अख्खी किलोभराची कोंबडी फिरत्या सळईवर भाजायची तर २८-३० लिटर हवेत. त्याच्या पुढे जायचं ते केकच्या ऑर्डरी घेणार असाल तरच. आणि लिटरवर जाऊच नका, घरचं भांडं पिशवीत घालून दुकानात न्या. आम्ही आजीचं धोंडसाचं पातेलं नेलं होतं. सेल्समन हसला, पण एका प्रसिद्ध मॉडेलमध्ये ते शिरलंच नाही तेव्हा त्याचं हसू मावळलं. भांड्याच्या चारी बाजूंनी दोन बोटं हवा खेळायला जागा लागते, हे विसरू नका.

प्लग बघितलात का?

हा मुद्दा जाहिरातीत कधीच नसतो. घरातला छोटा प्लग ६ अँपियरचा असतो. २३० व्होल्टला तो फार तर १३८० वॉट झेपवतो. तीस लिटरचे ओटीजी बहुधा दीड हजार वॉट किंवा त्याहून जास्त खातात, म्हणजे त्यांना १६ अँपियरचा मोठा पॉइंट हवा. भाड्याच्या घरात असा पॉइंट स्वयंपाकघरात एकच असतो आणि त्यावर फ्रिज बसलेला असतो! एक्स्टेन्शन बोर्ड हा त्यावरचा उपाय नाही. बोर्ड वितळतो. आम्ही आधी घरमालक काकांशी बोललो, वायरमनकडून वेगळा पॉइंट काढून घेतला, अर्थिंग तपासलं आणि मगच ओव्हन आणला. पत्र्याच्या पेटीला अर्थिंग नसणं म्हणजे पावसाळ्यात ओल्या हाताला झटका.

आता व्होल्टेजची गंमत. आपल्या जिल्ह्यात पोफळीला कोयनेचं वीजघर, जयगडला १२०० मेगावॅटचा प्रकल्प, तरी संध्याकाळी दिवे मिणमिणतात ते मिणमिणतातच. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० चे २०० व्होल्ट झाले की उष्णता जवळजवळ पाव हिश्शाने कमी होते. म्हणून पुस्तकात 'दहा मिनिटं प्रीहीट' लिहिलं असलं तरी आपल्याकडे पंधरा लागू शकतात. चारपाचशे रुपयांचं ओव्हन थर्मामीटर आत टांगून ठेवा, सगळं टेन्शन खलास.

लाइट गेली तर? साधा फिरवायचा टायमर चावीचा असतो. लाइट गेली तरी तो टिकटिकत राहतो, त्यामुळे किती मिनिटं फुकट गेली ते घड्याळात बघून ठेवायचं. डिजिटल मॉडेल्स बरेचदा सगळं विसरून पुन्हा शून्यावर येतात. रत्नागिरीसाठी माझं मत साध्या खटक्यांना! घरच्या इन्व्हर्टरवर मात्र ओव्हन लावायला जाऊ नका, बहुतेक इन्व्हर्टरना ते झेपत नाही. आणि गॅस सोडायचा विचारही नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडची गावं कित्येक दिवस अंधारात होती, हे आठवत असेलच.

विजेच्या बिलाची भीती मात्र उगाच. दीड हजार वॉटचा ओव्हन तासभर सलग पेटला तर दीड युनिट. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट मधेमधे कॉइल बंद करतो, म्हणजे त्याहूनही कमी.

खारी हवा, ओली भिंत

समुद्राकाठी पत्र्याचं आयुष्य कमी, हे भाट्याच्या किनाऱ्याजवळ राहणाऱ्या कुणालाही विचारा. आतून स्टेनलेस स्टील असलेलं मॉडेल मिळालं तर थोडे पैसे जास्त द्या. पावसाळ्यात वापरण्याआधी दहा मिनिटं रिकामा तापवा, वापरून झाल्यावर गार होईपर्यंत दार किलकिलं ठेवा. खालचा तुकड्यांचा ट्रे रोज झाडा, नाहीतर मुंग्या आणि झुरळं यांना फुकटचा फ्लॅट. भिंतीपासून चार बोटं लांब आणि सिलिंडरपासून त्याहून लांब ठेवा.

शिवाय दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा : सर्व्हिस सेंटर रत्नागिरीत आहे का? नसेल तर कॉइल गेल्यावर ओव्हन मांडीवर घेऊन आंबा घाटाने कोल्हापूर गाठायची तयारी ठेवा.

आजीची परीक्षा

आम्ही घेतला तो २८ लिटरचा. कारण एकच. त्याच्या खटक्यावर फक्त वरची कॉइल, फक्त खालची, किंवा दोन्ही असे तीन पर्याय वेगवेगळे होते. दुकानात 'बारा फंक्शन' ओरडून सांगतात, या खटक्याबद्दल कुणी बोलत नाही. आणि आपल्या स्वयंपाकात सगळी मजा त्यातच आहे. बांगड्याला शेवटची पाच मिनिटं फक्त वरून आच दिली की कातडी कुरकुरीत होते. फणसाच्या आठळ्यांना एकेक चीर देऊन २०० अंशांवर अर्धा तास ठेवल्या की चुलीतल्यासारख्या भाजल्या जातात. काजू १५० वर दहा-बारा मिनिटं. पण नजर हटवायची नाही, क्षणात काळे पडतात!

श्रावणातल्या एका संध्याकाळी धोंडस लावलं. १८० अंश, दोन्ही कॉइल. आजी खुर्ची घेऊन ओव्हनसमोर बसली, टीव्ही बघतात तशी. चाळीस मिनिटं झाली, सुरी घालून पाहिली तर आतून शिजलेलं, वरून मात्र फिकटच. व्होल्टेजची कृपा. आम्ही दोघं नेटवर उपाय शोधायला लागलो तर आजी म्हणाली, 'शोधता काय? वरचा विस्तव कमी पडला. खालचा बंद कर, वरचा राहू दे.' खटका फिरवला. आठ मिनिटांनी वर तांबूस साय धरली आणि गूळ-वेलचीचा वास जिन्यापर्यंत गेला. समोरच्या वहिनी वाटी घेऊनच आल्या.

गावचं घर बंद झाल्यापासून आजीने धोंडस केलं नव्हतं. आम्ही धरून चाललो होतो की ते चुलीबरोबर संपलं. प्रमाण कुठे लिहिलेलं नव्हतं, सगळं तिच्या हातात. त्या दिवशी बायकोने पहिल्यांदा ते वजन करून वहीत उतरवलं. आजीचा निकाल? 'धुराचा वास नाही हो याला. पण पोटातून भाजलंय नीट.' आमच्या आजीकडून एवढं म्हणजे डिस्टिंक्शनच! आता 'पेटी तापत ठेव रे' ही ऑर्डर तीच सोडते.

दुकानात जाण्याआधी

* आठवड्यातून एकदा नक्की करणार असे तीन पदार्थ कागदावर लिहा. तीन सुचले नाहीत तर ओव्हन घेऊ नका.
* ओट्यावरची जागा टेपने मोजा आणि सगळ्यात मोठं भांडं बरोबर न्या. स्टील, अॅल्युमिनियम चालतं. प्लॅस्टिकचं हँडल असलेलं नाही.
* स्वयंपाकघरात १६ अँपियरचा पॉइंट आणि अर्थिंग आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. गिझर आणि ओव्हन एकदम लावू नका.
* वरची-खालची कॉइल वेगळी चालते का, थर्मोस्टॅट २५० अंशांपर्यंत जातो का, आयएसआय खूण आहे का, हे आधी. रंग नंतर.
* रोजचा डबा गरम करणं एवढीच गरज असेल तर सरळ साधा मायक्रोवेव्ह घ्या.
* आणि घरात आजी असेल तर तिला बरोबर न्या. वही-पेनसुद्धा!